खांबापासून घरापर्यंतची तार कोणाची?

रोहिणी नक्षत्र लागलं. वखराची दुसरी पाळी झाली, सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणही पाहून घेतली. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळले होते, ७८ उगवले. ७० च्या वर आहे म्हणजे पेरायला हरकत नाही. वावराची आजची नोंद एवढीच. बाकी सगळं गावातल्या तारांवर लिहितो, कारण हे काम मिरगाच्या आधी करायचं आहे. एकदा पेरणी लागली की कोण कोणाचं ऐकते?

विजेवर आपण कमी बोलतो असं नाही. डीपी जळाली, लाईन रात्री देतात, बिल जास्त आलं, नवा मीटर पळते, हे सगळं आपण चौकात बसून रोज बोलतो. वावरातून गेलेली ११ केव्हीची तार लोंबली तर त्याचेही फोटो टाकतो, आणि टाकलेच पाहिजेत. पण ज्या तारेखालून आपली बायकापोरं दिवसातून वीस वेळा जातात, तिच्यावर कोणी बोलत नाही. रस्त्यावरच्या खांबावरून निघून आपल्या घराच्या पाईपापर्यंत येणारी ती काळी वायर. सर्व्हिस वायर म्हणतात तिला. अनसिंगमध्ये वाशिम-पुसद रस्ता सोडून कोणत्याही गल्लीत आत शिरा आणि मान वर करून पाहा. एका खांबावरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या वायरी निघालेल्या दिसतील. काही ताणलेल्या, काही झोळ पडलेल्या, काहींना मधे चिकटपट्टी गुंडाळलेली. एखादी तर समोरच्याच्या टिनावर टेकून पुढे गेलेली.

ही वायर कोणाची, असं विचारून पाहा. घरवाला म्हणते, "खांब कंपनीचा, लाईन कंपनीची, मंग वायर कोणाची राहीन?" जोडणाऱ्याला विचारलं तर तो म्हणते, "वायर तुम्हीच दुकानातून आणली ना भाऊ, तुमचीच हाय." ग्रामपंचायतीत विचारलं तर, "तो विषय आपल्याकडे येत नाही." म्हणजे सगळ्यात जास्त माणसं जिच्याखालून जातात ती तार बिनमालकाची. माझं म्हणणं असं आहे की ती बिनमालकाची नाही. तिचा मालक कायद्यात ठरलेला आहे, आणि हे आपल्याला माहीत नसल्यामुळे तिची देखभाल आजवर कोणी केलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वीजपुरवठा संहितेत 'पुरवठ्याचा बिंदू' अशी एक गोष्ट आहे. घरगुती, म्हणजे लघुदाबाच्या ग्राहकासाठी हा बिंदू म्हणजे कंपनीने घरात बसवलेल्या कटआउटचं बाहेर जाणारं टोक. त्या टोकाच्या पुढचं, म्हणजे तुमचा मेन स्विच, बोर्ड, पंखा, मोटर, हे तुमचं. त्याच्या आधीचं, म्हणजे खांबावरचा जोड, सर्व्हिस वायर, मीटर, कटआउट, हे सुस्थितीत ठेवायचं काम पुरवठा करणाऱ्याचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियमही हेच सांगतात: ग्राहकाच्या जागेत असलेल्या पण पुरवठादाराच्या ताब्यातल्या तारा आणि सामान सुरक्षित आहे की नाही हे पुरवठादाराने पाहायचं. वायरचे पैसे दुकानात कोणी दिले हा वेगळा हिशेब आहे. ती सांभाळायची कोणी, हे त्या पावतीवरून ठरत नाही.

हे सुरक्षा नियम काही काल आलेले नाहीत. १९५६ चे भारतीय विद्युत नियम होते, मग २००३ च्या वीज कायद्याखाली २०१० चे नियम आले, त्यांच्या जागी आता २०२३ चे आहेत. आकडे जवळपास तेच चालत आले आहेत. मीटरमध्ये दिलेले असतात, मी फुटात करून सांगतो, कारण आपल्याला फूटच समजते.

रस्ता ओलांडून जाणारी लघुदाबाची तार, त्यात सर्व्हिस वायरही आली, कुठेही ५.८ मीटरच्या खाली नको. म्हणजे १९ फूट. रस्त्याच्या कडेकडेने जात असेल तर ५.५ मीटर, १८ फूट. रस्ता नाही अशा ठिकाणी, आवरण असलेली तार असेल तर ४ मीटर, १३ फूट. घराच्या छतावरून जात असेल तर छतापासून २.५ मीटर वर, म्हणजे ८ फुटांपेक्षा थोडं जास्त. घराच्या बाजूने जात असेल तर १.२ मीटर, ४ फूट लांब. आणि ही मापं तारेला सगळ्यात जास्त झोळ पडतो तेव्हाची आहेत. हिवाळ्यात सकाळी ताणून बसलेली तार बरोबर आली म्हणून चालत नाही, मे महिन्यात दुपारी दोन वाजता ती कुठे येते ते पाहायचं.

आता हे १९ फूट मनात धरा आणि सोयाबीनच्या हंगामात गावातून निघणारी कुटाराची ट्रॉली आठवा. वर बसलेलं पोरगं आठवा. हार्वेस्टर बारा-तेरा फुटांचा असतो, त्याच्यावर एखादा माणूस उभा असतो, आणि तो हातातल्या काठीने वायर वर उचलून धरते, "चाल, चाल, येऊ दे." आपण हे इतक्यांदा पाहिलेलं आहे की त्यात काही वावगं वाटतच नाही. कोरडी काठी आहे तोवर ठीक. ऑक्टोबरात परतीचा पाऊस येऊन गेलेला असतो हे कोण लक्षात ठेवते?

बरं, ही तार खाली आली कशी? मला तीन कारणं दिसतात, त्यातलं एकच तारेचं आहे.

तारेचं कारण म्हणजे झोळ. खांब दूर असला की वायर लांब ओढतात. इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: ताण तेवढाच ठेवला तर अंतर दुप्पट झालं की झोळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. १५ मीटरच्या वायरला एक वीत झोळ असेल तर ३० मीटरला चार विती. म्हणून "अजून एक खांब मागा" हा हट्ट नसतो, त्यात गणित आहे. पण खांबाला अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी लागते, आणि वायर दुकानात लगेच मिळते. मग वायरच लांबते.

दुसरं कारण रस्ता. तार जागेवरच आहे, जमीन वर आली. आधी मातीची गल्ली होती, मग मुरूम पडला, मग खडीकरण, मग सिमेंट रस्ता, आणि दहा वर्षांनी त्याच सिमेंटवर दुसरं सिमेंट. दर वेळी वीतभर रस्ता चढतो. जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेले आपण पाहतोच, पावसाचं पाणी घरात शिरते म्हणून भांडतोही. जेवढा उंबरा खाली गेला तेवढीच तारही खाली आली, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

तिसरं कारण घर. पूर्वीचं घर ठेंगणं, टिनाचं नाहीतर धाब्याचं. त्यावरून वायर गेली तेव्हा अंतर भरपूर होतं. आता घरकुल आलं, स्लॅब पडला, जिना झाला, वर पाण्याची टाकी बसली. तार तिथेच आहे आणि आपणच तिच्यापर्यंत पोचलो. स्लॅबवर तुरीच्या डाळीची वाळवण टाकणारी बाई हात वर करते तेव्हा वायर हाताला लागेल अशी घरं गावात आहेत.

हे दुसरं आणि तिसरं कारण मी मुद्दाम मांडतो, कारण यात सगळा दोष वीज कंपनीवर ढकलता येत नाही. नियमच आहे की तार आधीपासून असेल आणि नंतर कोणाला नवीन बांधकाम करायचं असेल, जुन्यात वाढ करायची असेल, किंवा रस्त्याची पातळी उंचावायची असेल, तर त्याने आणि त्याच्या ठेकेदाराने वीजपुरवठादाराला आणि विद्युत निरीक्षकाला आधी लेखी कळवायचं, सोबत नकाशा जोडायचा. रस्त्याची पातळी उंचावणंसुद्धा नियमात लिहिलेलं आहे, हे वाचून मलाच नवल वाटलं. म्हणजे ग्रामपंचायतीच्या सिमेंट रस्त्यालाही हा नियम लागू. कळवल्यावर ती तार मुळात नियमाप्रमाणे टाकली होती का, ती हलवता येते का, आणि खर्च कळवणाऱ्याने द्यायचा की नाही, हे कंपनीने तपासायचं आणि खर्चाचा अंदाज द्यायचा. किती सिमेंट रस्त्यांच्या फायलीत असं पत्र लागलेलं असेल? मला शंका आहे. घरकुलाचे हप्ते देताना पाया, जोतं, छत असे फोटो काढतात. पाया आखताना एक फोटो वरच्या दिशेने काढायला काय जाते?

उंचीपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हा भाग जरा सावकाश वाचा.

सर्व्हिस वायर नुसती ओढत नाहीत. आत ॲल्युमिनियम आणि वर प्लास्टिकचं आवरण असलेली ती वायर स्वतःचं वजन फार दिवस पेलू शकत नाही. म्हणून खांबापासून घरापर्यंत आधी एक जीआय तार ताणतात आणि त्या तारेला ही वायर ठिकठिकाणी बांधत नेतात. या आधाराच्या तारेला बेअरर वायर म्हणतात. नियमात तिच्याबद्दल एक शब्द फार महत्त्वाचा आहे. जिथे तारेचं वर सांगितलेलं अंतर राखता येत नाही तिथे वायर चांगल्या आवरणाची हवी आणि ती 'अर्थ केलेल्या' बेअरर तारेला बांधलेली हवी. म्हणजे ती जीआय तार अर्थिंगला जोडलेली पाहिजे.

असं का, ते पाहा. वारा सुटला की वायर हलते, बांधलेल्या ठिकाणी घासते. आपल्याकडचं ऊन खाऊन प्लास्टिक कडक होते, तडकते. एक दिवस आतला फेज उघडा पडून जीआय तारेला टेकतो. जीआय तार नीट अर्थ केलेली असेल तर करंट तिच्यातून जमिनीत जाईल, मोठा करंट वाहील, डीपीवरचा फ्यूज उडेल, लाईन जाईल, आपण शिव्या देऊ आणि माणूस वाचेल. जीआय तार अर्थ केलेली नसेल तर काहीच होत नाही. फ्यूज उडत नाही, लाईट चालू राहतो, पंखा फिरतो. फक्त ती उघडी तार आता जिवंत झालेली असते. आणि आपल्याकडे तिचं एक टोक खांबाला आणि दुसरं टोक कुठे बांधलेलं असते? टिनातून वर काढलेल्या लोखंडी पाईपाला. मधे चिनी मातीचा गट्टू असला तर असला. पाईप टिनाला टेकलेला. टिनाच्या आड्याला कपडे वाळवायची तार. तारेवर ओली साडी.

टिनाचं घर मातीच्या भिंतीवर आणि लाकडी बल्ल्यांवर उभं असते. कोरड्या दिवसात त्यातून करंट जमिनीत उतरायला वाट नसते, म्हणून कोणाला कळतही नाही. भिंत ओली झाली की भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येतात. "घरात थोडा करंट येते, पावसाळ्यात होतेच तसं," असं म्हणणारी माणसं मला भेटतात. हे होतेच तसं नाही, बाप्पा. तो इशारा असतो आणि तो नेहमी दोनदा मिळत नाही.

शिकलेली पोरं म्हणतात, "काका, घरात आरसीसीबी बसवून घ्या, करंट लागला की बंद पडते." बसवाच. ३० मिलीअँपिअरची बसवा, तिच्याइतकं जीव वाचवणारं दुसरं उपकरण घरात नाही. साधा फ्यूज किंवा एमसीबी माणसासाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. हिशेब करून पाहा: २३० व्होल्ट, आणि ओल्या अंगाचा रोध हजार-दीड हजार ओहम धरला तर अंगातून जाणारा करंट ०.१५ ते ०.२३ अँपिअर. एवढा करंट एक-दोन सेकंद छातीतून गेला तर हृदय बंद पडू शकते. आणि १६ अँपिअरच्या फ्यूजला एवढ्याशा करंटाचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबीला लागतो.

पण आरसीसीबी मीटरच्या नंतर बसते. सर्व्हिस वायर मीटरच्या आधी आहे. सर्व्हिस वायरचा फेज टिनात उतरला तर तो करंट आरसीसीबीतून जातच नाही, मग ती काय पाहणार आणि काय बंद करणार? मेन स्विच पाडला तरी टिन जिवंतच राहते. खांबापासून मीटरपर्यंतच्या त्या तुकड्यावर आपल्या घरातलं कोणतंही उपकरण चालत नाही. तिथे राखण करणाऱ्या गोष्टी तीनच: वायरचं आवरण, अर्थ केलेली बेअरर तार, आणि डीपीवरचा फ्यूज. डीपीच्या पेटीत फ्यूजच्या जागी काय गुंडाळलेलं असते ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ॲल्युमिनियमच्या जाड तारेचे दोन-तीन पदर. कधी ते आपल्याच गावातल्या पोरांनी घातलेले असतात, रात्री लाईन चालू करायला.

आकड्यांचाही विषय आला म्हणून बोलून घेतो. आकडा टाकणं ही चोरी आहे, वीज कायद्याच्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्या चोरीपेक्षा आकड्याच्या वायरची जास्त चिंता आहे. ती कधी नीट बांधलेली नसते, वाऱ्याने सुटते, रस्त्यात पडते, आणि पडते तेव्हा जिवंत असते. चोरी एकाची, जीव रस्त्याने जाणाऱ्याचा.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, ११ जानेवारी २००२ चा, मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैल कुमारी. पावसाळ्यातल्या रात्री एक माणूस सायकलने घरी चालला होता. रस्त्यावर पाणी साचलेलं, त्यात जिवंत तार पडलेली. दिसली नाही, आणि तो गेला. मंडळाने बाजू मांडली की ही तार आमच्यामुळे पडली नाही, एका माणसाने चोरून वीज घ्यायला ती ओढली होती, ती सुटून पडली. न्यायालयाने ते ऐकलं नाही. विजेसारखी धोक्याची वस्तू पुरवणाऱ्यावर तिच्यामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी येतेच, निष्काळजीपणा सिद्ध झाला की नाही हा प्रश्नच उरत नाही, आणि कोणी चोरी करत असेल तर ती होऊ न देणं हेही तिचंच काम, असा त्या निकालाचा अर्थ आहे. आपल्याकडे अपघात झाल्यावर "त्याचीच चूक होती" असं जे पहिल्या दिवशीच म्हटलं जाते, त्याला हे उत्तर आहे. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांच्या वर माणसं जातात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे हे आकडे आहेत. एवढ्या सगळ्यांचीच चूक होती, असं कसं म्हणता येईल?

नुकसानभरपाईबद्दल एक बाजूची गोष्ट. शेतकऱ्याला विजेचा धक्का लागून मरण आलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. पण ती योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी आहे. टिनाच्या घरात आणि लोंबत्या वायरीखाली गावात सगळ्यात जास्त कोण राहते? ज्याच्याकडे सातबारा नाही तो. आपल्या वावरात निंदायला, काढणीला येणारी बाई त्या घरात राहते. पाटलाच्या वाड्यावरची वायर कोणीतरी नीट करून जाते. तिच्या घरावरची तशीच राहते, कारण ती अर्ज करत नाही, आणि केला तर "बिल बाकी हाय का पाहू आधी" हे ऐकून परत येते. बिलाची थकबाकी आणि वायरची सुरक्षा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाकी असेल तर वसूल करायचे कायदेशीर मार्ग आहेत, तडकलेली वायर डोक्यावर ठेवणं हा त्यातला मार्ग नाही.

मला विरोधात सांगितलं जाईल की एवढ्या लाखो घरांच्या वायरी बदलायला पैसा कुठून आणायचा. प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. पण पाहा, सध्या राज्यभर घरोघरी जुने मीटर काढून नवे बसवणं चालू आहे. त्यासाठी माणूस प्रत्येक घरात जातो, मीटरच्या पेटीपाशी उभा राहतो, दोन्ही टोकं सोडतो आणि परत जोडतो. तेवढ्याच वेळात त्याने मान वर करून पाहायचं: वायर तडकली आहे का, पाईप टिनाला टेकला आहे का, बेअरर तार अर्थ केलेली आहे का. तीन खुणा एका कागदावर करायच्या, आणि जिथे धोका दिसेल तिथे वायर बदलणाऱ्याला पाठवायचं. पैसे मोजायचं यंत्र नवं आणि पैसे आणणारी तार तीस वर्षांची, हे मला पटत नाही. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत स्मार्ट मीटर आहेत तशी उघड्या तारांच्या जागी आवरणाची एबी केबल टाकायची कामंही आहेत. एबी केबल आली त्या गल्लीत आकडा टाकणं अवघड होते आणि तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडत नाहीत, हा फायदा खराच. पण खांबावरची केबल नवी आणि तिथून घरात जाणारी वायर जुनीच, असं अर्धं काम झालं तर टिनातला करंट आहे तिथेच आहे.

नवीन जोडणी घेणाऱ्यांनी एक करा. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो कागद शंभर-दोनशे रुपये देऊन कोऱ्यावर सही घेऊन आणायची पद्धत पडली आहे, आणि त्यात आपल्यालाही काही वाटत नाही. ज्याने सही केली त्याला एकदा घरी बोलवा. अर्थिंगचा खड्डा त्याला दाखवा, मोजू द्या. पैसे तेच लागतात.

आता उंची मोजायची कशी. बांबू लावून मोजू नका, ओला बांबू करंट धरते. लोखंडी टेप तर वर नेऊच नका. वहीचा चौकोनी कागद घ्या, कोपऱ्याला कोपरा लावून तिरपा दुमडा, त्रिकोण होईल. त्याची एक आखूड बाजू जमिनीला समांतर धरा आणि लांब तिरप्या बाजूवरून वर पाहा. तारेच्या सगळ्यात खालच्या जागेपासून मागे मागे जात राहा. ती जागा बरोबर त्या तिरप्या रेषेवर आली की थांबा. तारेच्या बरोबर खालून तुमच्या पायापर्यंतचं अंतर मोजा, त्यात तुमच्या डोळ्यांची उंची मिळवा, साधारण ५ फूट. ती तारेची उंची. जमीन सपाट असली की अर्ध्या फुटाच्या फरकाने बरोबर येते. शाळेतली पोरं हे एका संध्याकाळी अख्ख्या गल्लीचं करून देतील, त्यांना सांगून पाहा. दुपारी मोजा, झोळ जास्त असतो.

१५ ऑगस्टची ग्रामसभा येईपर्यंत अर्धा पावसाळा सरतो, म्हणून ठरावाची वाट पाहू नका, अर्ज आताच द्या. घरात मुंग्या येत असतील, टिनाला करंट असेल किंवा तार तुटली असेल तर अर्जाचीही वाट पाहू नका. तिथे कोणाला हात लावू देऊ नका, स्वतः वर चढू नका, महावितरणच्या १९१२ या नंबरवर लगेच तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बाकीच्यांनी आपल्या भागातल्या वीज कार्यालयात लेखी द्यायचं. भाषा साधी ठेवा, शिव्या नकोत, आकडे हवेत. असं लिहा:

'माझा ग्राहक क्रमांक अमुक. माझ्या घराच्या सर्व्हिस वायरची रस्त्यावरची उंची अंदाजे इतके फूट आहे, छतापासूनचं अंतर इतके फूट आहे. वायरचं आवरण इतक्या ठिकाणी तडकलेलं आहे. बेअरर तार अर्थ केलेली दिसत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे तपासणी करून दुरुस्ती करावी आणि कधी करणार ते लेखी कळवावं.'

दोन प्रती काढा. एकीवर पोच घ्या, तारखेसह. एक प्रत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांना पाठवा, तो अधिकारी कंपनीचा नसून शासनाचा असतो. दाद लागली नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्या वर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत, पण त्या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न पोचचाच येतो. ज्या शेजारणीला लिहिता येत नाही तिचा अर्ज आपल्या अर्जासोबत लिहून टाका. सहीच्या जागी तिचा अंगठा चालते.